खर्चाचा कर्ता : हस्तांतरित निधीची विधिमंडळीय तपासणी आणि तिची मराठी

१

राज्याच्या विधिमंडळाने मंजूर केलेला पैसा जेव्हा जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत किंवा महानगरपालिका खर्च करते, तेव्हा त्या खर्चाचा जाब विधिमंडळाने कोणास विचारावयाचा, हा प्रश्न सामान्यतः राज्यशास्त्राचा मानला जातो. तो राज्यशास्त्राचा आहेच. तथापि हा जाब विचारला जातो तो भाषेत, दिला जातो तो भाषेत, आणि अखेरीस जे काही शिल्लक राहते ते म्हणजे मराठीतील एक छापील अहवाल. विधिमंडळाच्या लोकलेखा समितीचे व पंचायती राज समितीचे अहवाल, त्यांतील लेखापरीक्षेचे आक्षेप आणि त्यांवरील विभागांची उत्तरे हा मराठी गद्याचा एक मोठा व सतत वाढणारा प्रांत आहे. वाङ्मयाच्या टीकाकारांनी त्याकडे पाहिले नाही, कारण ते वाङ्मय नव्हे. भाषाभ्यासकांनी पाहिले ते बहुधा परिभाषेच्या अंगाने, म्हणजे अमुक शब्द क्लिष्ट आहे की सुबोध, एवढ्याच मर्यादेत. प्रस्तुत लेखाचा विषय शब्दांची क्लिष्टता हा नाही. या गद्याच्या वाक्यरचनेत खर्चाचा कर्ता कोठे जातो, आणि तो नाहीसा झाल्याने लोकशाहीच्या व्यवहाराचे काय होते, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम व्यवस्थेची रूपरेषा सांगितली पाहिजे. बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात त्यासाठी १९६० साली वसंतराव नाईक समिती नेमली गेली; तिच्या १९६१ च्या अहवालानंतर त्याच वर्षी जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. पुढे बोंगिरवार समिती व प्राचार्य पी. बी. पाटील समिती यांनी या रचनेचे पुनर्मूल्यमापन केले. १९९२ च्या ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्त्यांनी पंचायतींना व नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ आणि बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांसाठी १८ विषय नोंदविले. हिशेब व लेखापरीक्षा यांविषयी मात्र घटनेने स्वतः काही ठरविले नाही. अनुच्छेद २४३ ञ आणि २४३ य यांनी तो विषय राज्य विधिमंडळाच्या कायद्यावर सोपविला.

परिणामी तपासणीचे अनेक प्रवाह एकमेकांशेजारून वाहतात. स्थानिक निधी लेखापरीक्षेचा कायदा १९३० चा, म्हणजे घटनेच्याही आधीचा. ती लेखापरीक्षा राज्याच्या वित्त विभागाच्या अखत्यारीत चालते. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक १९७१ च्या अधिनियमान्वये मोठ्या प्रमाणावर शासकीय अनुदानावर चालणाऱ्या संस्थांचे हिशेब तपासू शकतात, आणि राज्य शासनाने सोपविल्यास इतर संस्थांचेही. महानगरपालिकेला स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो आणि तो स्थायी समितीस अहवाल देतो. विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांची पंचायती राज समिती जिल्हा परिषदांचे लेखापरीक्षा अहवाल घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते. तेथील पदाधिकाऱ्यांशी ती चर्चा करते, मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची साक्ष घेते, आणि नंतर मंत्रालयातील विभागीय सचिवांचीही साक्ष घेते. लोकप्रतिनिधींशी ‘चर्चा’ आणि अधिकाऱ्यांची ‘साक्ष’ हा शब्दभेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्याने ठराव केला त्याच्याशी बोलावयाचे, आणि ज्याने ठराव अमलात आणला त्यास विचारावयाचे, असा तो भेद आहे.

२

या सर्व प्रवाहांत समान असलेला शब्द म्हणजे ‘खर्च’. तो इतका परिचित आहे की त्याचा अर्थ स्थिर असेल अशी आपली समजूत असते. वस्तुतः पैसा जसजसा खाली उतरतो तसतसा या शब्दाचा अर्थ बदलत जातो.

मंत्रालयाच्या पातळीवर ‘खर्च झाला’ याचा अर्थ विभागाने अनुदान जिल्हा परिषदेस वितरित केले. अनुच्छेद २०३ व २०४ अन्वये विधिमंडळाने मागणी मंजूर केली, विनियोजन अधिनियम केला, आणि रक्कम त्या वर्षी राज्याच्या हिशेबात खर्ची पडली. विधिमंडळाच्या दृष्टीने व्यवहार संपला. जिल्हा परिषदेच्या पातळीवर ‘खर्च झाला’ याचा अर्थ पुष्कळदा रक्कम पंचायत समितीकडे किंवा एखाद्या यंत्रणेकडे ‘वर्ग’ केली एवढाच असतो. ग्रामपंचायतीच्या पातळीवर कोठे त्या शब्दाला गवंडी, सिमेंट, पाइप आणि मजुरी यांचा अर्थ येतो. एकच रुपया अशा रीतीने तीन ठिकाणी तीनदा ‘खर्च’ होऊ शकतो, आणि प्रत्यक्षात तो बँकेच्या खात्यात पडून असू शकतो. तिन्ही ठिकाणचे लेखापाल आपापल्या परीने सत्यच लिहीत असतात. असत्य असते ते या तीन सत्यांना एकाच शब्दाने जोडण्यात.

या फटीवर टाकलेली फळी म्हणजे ‘उपयोगिता प्रमाणपत्र’. ज्यास अनुदान मिळाले त्याने ते ज्या कामासाठी मिळाले त्याच कामासाठी वापरले, असे त्याने लिहून द्यावयाचे असते. अशी प्रमाणपत्रे वेळेवर येत नाहीत, ही महालेखापरीक्षकांच्या अहवालांतील नित्याची तक्रार आहे. पण प्रमाणपत्र आले तरी त्याचे नाव काय सांगते ते पाहावे. ‘उपयोग’ म्हणजे वापर. ‘उपयोगिता’ म्हणजे उपयुक्तता, एखादी वस्तू उपयोगी असण्याचा गुण. कागदाचे नाव उपयुक्ततेची ग्वाही देते, मजकूर केवळ वापराची देतो, आणि व्यवहारात तो कधी कधी केवळ रक्कम पुढे पाठविल्याचीच देतो. पाण्याची टाकी बांधली, हा उपयोग. टाकीत पाणी येते, ही उपयोगिता. परिभाषा घडविणाऱ्याने एक प्रत्यय अधिक लावला, आणि जे कोणी तपासलेच नाही त्याचे प्रमाणपत्र भाषेने देऊन टाकले.

जुन्या मराठीच्या हिशेबी व्यवहारात या पायऱ्यांसाठी वेगवेगळे शब्द होते आणि त्यांतील काही अद्याप कचेऱ्यांत जिवंत आहेत. कामापूर्वी हाती दिलेली, अजून हिशेब न लागलेली रक्कम म्हणजे ‘तसलमात’. एका वहीतील नोंद दुसऱ्या वहीशी ताडून पाहणे म्हणजे ‘रुजुवात’. घेतलेल्या पैशाचा बारकाईने, शेवटपर्यंत दिलेला खुलासा म्हणजे ‘झाडा’. सोपविलेला पैसा गिळणे म्हणजे ‘अफरातफर’. यांतील प्रत्येक शब्दामागे माणूस उभा आहे. तसलमात कोणाच्या तरी नावावर असते, झाडा कोणीतरी कोणास तरी द्यावयाचा असतो, अफरातफर कोणीतरी केलेली असते. यांच्या जागी आलेले ‘अग्रिम’, ‘ताळमेळ’, ‘अनुपालन’ आणि ‘अनियमितता’ हे शब्द संस्कृतोद्भव आहेत म्हणून वाईट नव्हेत. परंतु ‘अनियमितता’ हा शब्द स्वीकारताना आपण नियम मोडणाऱ्याकडून नियमाकडे, आणि कृतीकडून स्थितीकडे वळलो, हे मान्य केले पाहिजे. अफरातफर केली जाते; अनियमितता नुसती ‘असते’.

कोल्हापूरच्या वाचकास येथे आज्ञापत्राची आठवण व्हावी हे स्वाभाविक आहे. करवीरच्या गादीच्या आश्रयाने, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे सिद्ध झालेल्या त्या राजनीतिपर ग्रंथात गडकोटांची व्यवस्था पदवार सांगितली आहे. हवालदार, सरनोबत, सबनीस, कारखानीस अशा वेगवेगळ्या पदांवर वेगवेगळे काम सोपवून एकाचा व्यवहार दुसऱ्याच्या नजरेखाली ठेवण्याचे तत्त्व त्या काळच्या व्यवस्थेत होते. ते राज्य लोकशाहीचे नव्हते, आणि त्याचे उदात्तीकरण करण्याचे येथे प्रयोजन नाही. एवढेच म्हणावयाचे की जबाबदारी पदाच्या नावाने सांगण्याची परंपरा मराठी राज्यव्यवहारास परकी नाही.

३

आता मूळ मुद्द्याकडे वळू. महाराष्ट्रातील जिल्हा परिषदांकडे येणाऱ्या योजना स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. ‘हस्तांतरित’ योजना त्यांच्याकडे सोपविलेल्या असतात. ‘अभिकरण’ योजना त्या शासनाच्या वतीने राबवितात. ‘अभिकरण’ या शब्दातील ‘करण’ व्याकरणाच्या अभ्यासकाच्या ओळखीचे आहे. क्रियेचे साधन ते करण; क्रिया करणारा तो कर्ता. कुऱ्हाड करण आहे, लाकूडतोड्या कर्ता आहे. अभिकरण योजनेत जिल्हा परिषद करण आहे, हस्तांतरित योजनेत ती कर्ता आहे. निदान कायद्याचा आशय तसा आहे.

गंमत अशी की मराठीत हे दोन्ही अर्थ एकाच तृतीयेने व्यक्त होतात. ‘ग्रामसेवकाने रक्कम काढली’ यातील ‘ने’ कर्त्याचा. ‘धनादेशाने रक्कम काढली’ यातील ‘ने’ करणाचा. ‘जिल्हा परिषदेने रस्ता केला’ या वाक्यात ‘ने’ कोणता? जिल्हा परिषदेने स्वतः ठरवून केला, की शासनाने तो तिच्या द्वारे केला? प्रत्यय उत्तर देत नाही. ‘ने’ ऐवजी ‘कडून’ घेतले तर संदिग्धता वाढतेच. ‘जिल्हा परिषदेकडून रस्ता झाला’ यात ती कर्ता असू शकते. ‘शासनाने जिल्हा परिषदेकडून रस्ता करविला’ या प्रयोजक रचनेत तीच ‘कडून’ घेऊन ती दुसऱ्याच्या इच्छेने काम करणारी होते. विकेंद्रीकरणाचा सारा वाद या एका शब्दयोगी अव्ययात साठविला आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

हा केवळ शाब्दिक खेळ नव्हे, कारण तपासणीची दिशा यावरच ठरते. जाब कुऱ्हाडीस विचारावयाचा नसतो. जिल्हा परिषद करण असेल, तर विधिमंडळाने जाब विचारावा तो मंत्रालयातील विभागास. ती कर्ता असेल, तर पहिला जाब तिच्या मतदारांनी, तिच्या सर्वसाधारण सभेने आणि ग्रामसभेने विचारावयाचा, आणि विधिमंडळाने आपल्या अनुदानाच्या अटींपुरते पाहावयाचे. प्रत्यक्षात काय घडते? सचिव समितीपुढे सांगतात की रक्कम जिल्हा परिषदेस दिली होती. मुख्य कार्यकारी अधिकारी सांगतात की योजना शासनाची होती आणि सूचना वरून उशिरा आल्या. मुख्य कार्यकारी अधिकारी स्वतः राज्य शासनाने नेमलेले असल्यामुळे ते जिल्हा परिषदेच्या वतीने बोलत आहेत की शासनाच्या, हेही निश्चित नसते. प्रत्येक जण दुसऱ्यास कर्ता व स्वतःस करण ठरवितो. या चर्चेतून जो परिच्छेद निर्माण होतो, त्यात अखेर दोन्ही पदे गळून पडतात.

४

ती गळतात कशी, हे दाखविण्यासाठी खाली एक परिच्छेद दिला आहे. तो कोणत्याही अहवालातील उतारा नाही. अशा लेखनाचे वळण दिसावे म्हणून मुद्दाम रचलेला नमुना आहे.

‘पाणीपुरवठा योजनेच्या कामासाठी जिल्हा परिषदेकडून अग्रिम देण्यात आला. सदर अग्रिमाचे समायोजन करण्यात आले नसल्याचे लेखापरीक्षेत निदर्शनास आले. याबाबत कार्यवाही करण्यात येत असल्याचे विभागाकडून कळविण्यात आले. समितीस हे उत्तर समाधानकारक वाटत नाही. भविष्यात अशा बाबींची पुनरावृत्ती होणार नाही याची दक्षता घेण्यात यावी.’

या परिच्छेदात अग्रिम देणे, समायोजन न करणे, कार्यवाही करणे, कळविणे आणि दक्षता घेणे अशा पाच क्रिया आहेत. त्यांपैकी दोहोंस ‘कडून’ लावलेली संस्था आहे. एकीसही पद नाही. अग्रिम कोणी घेतला ते नाही, समायोजन कोणी करावयाचे होते ते नाही, आणि दक्षता कोणी घ्यावी हेही नाही. संपूर्ण परिच्छेदात ज्यास मन आहे अशी एकच व्यक्ती आढळते, ती म्हणजे समिती. आणि तिला काय झाले, तर असमाधान वाटले.

‘-ण्यात येणे’ या रचनेचे स्वरूप थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. ‘करणे’ या धातुसाधित नामाचे सामान्यरूप, त्यास सप्तमीचा ‘त’, आणि पुढे ‘येणे’. क्रिया ‘येते’, जसा पाऊस येतो, ताप येतो. मराठीचा स्वाभाविक भूतकाळी कर्मणी प्रयोग असा नाही. ‘अभियंत्याने अग्रिम घेतला’ यात क्रियापद कर्माप्रमाणे चालते, परंतु कर्त्याची जागा तृतीयेने भक्कम धरलेली असते. ती रिकामी ठेवली तर ऐकणारा लगेच ‘कोणी?’ असे विचारतो. ‘अग्रिम घेतला गेला’ हा नवीन कर्मणी इंग्रजीच्या वळणाने रूढ झाला. त्यात कर्ता अनुक्त राहू शकतो, पण त्याची चाहूल उरते. ‘अग्रिम घेण्यात आला’ या रचनेत मात्र कर्त्याविषयी कुतूहलही शिल्लक राहत नाही. वाक्य पूर्ण वाटते. व्याकरणाने प्रश्नच मिटविलेला असतो.

याच रचनेची दुसरी बाजू रस्त्यावर पाहावयास मिळते. शिवाजी पेठेत, गांधी मैदानाच्या परिसरातून किंवा रंकाळ्याकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून फिरताना, अथवा महाराष्ट्रातील कोणत्याही पेठेत, गटार, काँक्रीटचा रस्ता, व्यायामशाळा, सभामंडप यांजवळ फलक दिसतात. त्यांची वाक्यरचना ठरलेली असते : अमुक यांच्या ‘निधीतून’, अमुक यांच्या ‘प्रयत्नातून’. निधी आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाचा असो, जिल्हा नियोजन समितीचा असो वा राज्याच्या नगरोत्थान योजनेचा असो. तो सार्वजनिकच असतो. परंतु फलकावर षष्ठीने त्यास एक धनी मिळतो. रक्कम किती, मक्तेदार कोण, काम कोणत्या अभियंत्याने तपासले, या गोष्टी फलकावर असल्याच तर बारीक अक्षरात. तोच रस्ता वर्षभरात उखडला की त्याची कथा अहवालात जाते, आणि तेथे तो धनी नाहीसा होतो. मग काम ‘निकृष्ट दर्जाचे करण्यात आल्याचे आढळून येते’. फलकावर श्रेयास कर्ता आहे. अहवालात दोषास कर्ता नाही. एकाच पैशाची ही दोन व्याकरणे आहेत, आणि नागरिक या दोहोंच्या मध्ये उभा आहे.

५

या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की लेखापरीक्षा व्यवहाराची असते, व्यक्तीची नव्हे. चौकशी होण्यापूर्वी छापील कागदावर एखाद्या ग्रामसेवकाचे नाव दोषी म्हणून घालणे नैसर्गिक न्यायास सोडून आहे. आणि अनुभव असा की नावे घालावयाची ठरविली तर ती नेहमी सर्वांत खालच्या पायरीची पडतात. हा आक्षेप खरा आहे. परंतु त्याचे उत्तर कर्ता वगळणे हे नव्हे, तर व्यक्तीऐवजी पद लिहिणे हे आहे. ‘कार्यकारी अभियंता, पाणीपुरवठा, यांनी अग्रिम दिला, उपअभियंत्याने त्याचा हिशेब सादर केला नाही, मुख्य लेखा व वित्त अधिकाऱ्यांनी तो मागितला नाही’ असे लिहिल्याने कोणाची अब्रू जात नाही. उलट जबाबदारीची साखळी वरपर्यंत दिसते आणि खालच्या पायरीवरच सारा भार पडत नाही. कर्तृहीन वाक्य दुबळ्याचे रक्षण करते हा भ्रम आहे. शिक्षेची वेळ आली की दुबळ्याचे नाव कोठूनही सापडते. वाक्याने झाकलेले असते ते वरचे पद.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. विधिमंडळाने स्थानिक संस्थेच्या प्रत्येक रुपयाचा झाडा मागितला, तर विकेंद्रीकरण उरले कोठे? जिल्हा परिषद हीही लोकांनी निवडलेली संस्था आहे. तिच्या ठरावावर दुसऱ्या निवडून आलेल्या संस्थेने साक्षीपुरावे करावेत हे तिच्या प्रतिष्ठेस बाधक आहे. या आक्षेपाच्या संदर्भात स्कॉटलंडचे उदाहरण बोधप्रद ठरते. ब्रिटनमध्ये लोकलेखा समिती ग्लॅडस्टन यांच्या पुढाकाराने १८६१ साली स्थापन झाली आणि १८६६ च्या कायद्याने लेखापरीक्षेची चौकट पुरी झाली. १९९९ साली स्कॉटिश पार्लमेंट अस्तित्वात आल्यावर वेस्टमिन्स्टरहून जाणारा पैसा ठोक अनुदानाच्या रूपाने जाऊ लागला, आणि त्याचा तपशीलवार जाब विचारण्याचे काम एडिंबरोने आपल्याकडे घेतले. तेथील २००० च्या वित्त व उत्तरदायित्व अधिनियमाने प्रत्येक प्रमुख खात्यासाठी ‘उत्तरदायी अधिकारी’ ठरविला. पार्लमेंटपुढे उत्तर देण्याचे कर्तव्य त्याचे व्यक्तिशः असते. स्थानिक परिषदांची लेखापरीक्षा मात्र तेथील महालेखापरीक्षकांच्या कक्षेबाहेर, अकाउंट्स कमिशन या स्वतंत्र आयोगाकडे ठेवलेली आहे. याचा अर्थ, कर्ता कोण हे आधी ठरविले आणि मग त्यास विचारणारा कोण हे ठरविले.

आपल्याकडे हा क्रम उलटा आहे. विचारणारे पुष्कळ आहेत. ज्यास विचारावयाचे तो निश्चित नाही. म्हणून तपासणी कडक झाली तरी ती विकेंद्रीकरणास पोषक होत नाही, आणि सैल झाली तरी होत नाही. दुसऱ्या आक्षेपाचे खरे उत्तर असे : अभिकरण योजनांच्या पैशाबद्दल विधिमंडळाने विभागास पुरते विचारावे, हस्तांतरित योजनांत अनुदानाच्या अटींपुरते विचारावे, आणि संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाचा हिशेब मुख्यतः तिच्या सभागृहावर व ग्रामसभेवर सोडावा. हा भेद अहवालात दिसावयास हवा असेल, तर वाक्यात कर्ता आणि करण वेगळे लिहावे लागतील.

६

येथे कोणी म्हणेल की हे सूक्ष्म भेद अभ्यासकाच्या टेबलावरचे आहेत. तसे नाही, हे कोल्हापूरकरांनी एकदा अनुभविले आहे. शहरातील सुमारे पन्नास किलोमीटर रस्त्यांचा एकात्मिक प्रकल्प ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या तत्त्वावर झाला. त्यात रस्ते महानगरपालिकेचे, पुढाकार राज्य रस्ते विकास महामंडळाचा, काम खाजगी कंपनीचे आणि टोलची अधिसूचना शासनाची. टोलविरुद्ध शहर रस्त्यावर उतरले, एन. डी. पाटील आणि गोविंदराव पानसरे यांच्यासारखी माणसे त्या आंदोलनाच्या अग्रभागी होती. डिसेंबर २०१५ मध्ये शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले आणि कंपनीच्या भरपाईचा भार पत्करला. म्हणजे जो पैसा वाहनधारकांकडून जावयाचा होता तो राज्याच्या तिजोरीतून, अर्थात विधिमंडळाच्या संमतीच्या कक्षेत आला. आता प्रश्न असा : या खर्चाचा कर्ता कोण? करारावर सही करणारी महानगरपालिका, महामंडळ, की टोल रद्द करणारे शासन? आंदोलकांनी वर्षानुवर्षे हाच प्रश्न विचारला आणि प्रत्येक कार्यालयाने त्यांना पुढच्या कार्यालयाचा पत्ता दिला. तृतीयेचा प्रत्यय येथे कोणीच आपल्या नावास लावून घेतला नाही.

याहून गंभीर अशी एक स्थिती अलीकडे उद्भवली. कोल्हापूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षे शहराचा कारभार प्रशासकांनी पाहिला. जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. तेथेही प्रशासक आले आणि २०२५ अखेरपर्यंत तरी निवडून आलेले सभागृह नव्हते. राज्यातील बहुसंख्य स्थानिक संस्थांची हीच कथा होती. महानगरपालिकेच्या लेखापरीक्षकाने अहवाल द्यावयाचा तो स्थायी समितीस. पण स्थायी समितीच अस्तित्वात नसेल तर तो कोणास द्यावयाचा? तिचे अधिकार प्रशासकाकडे गेलेले असतात, म्हणजे ज्याने खर्च केला त्यानेच तपासणीचा अहवाल स्वीकारावयाचा. कर्ता आणि परीक्षक एकाच पदात विलीन झाले. अशा काळात लोकांनी निवडलेली अशी एकच तपासणारी संस्था उरते, ती म्हणजे राज्याचे विधिमंडळ. मुंबई महानगरपालिकेच्या सुमारे १२,००० कोटी रुपयांच्या खर्चाची तपासणी राज्य शासनाच्या विनंतीवरून महालेखापरीक्षकांनी केली आणि शासनाने तिचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला. तो तपासणीचा उपक्रम योग्य होता की पक्षीय, यावर मतभेद झाले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की अशी तपासणी शासनाच्या इच्छेवर अवलंबून होती. जे शासनाच्या इच्छेने होते ते विधिमंडळाचे परीक्षण नव्हे. ते शासनाने विधिमंडळास दाखविलेले परीक्षण होय.

७

भाषा सुधारली म्हणजे कारभार सुधारेल, असा भाबडा दावा प्रस्तुत लेखकास करावयाचा नाही. कर्तृहीन वाक्य हे दुखण्याचे मूळ नसून लक्षण आहे. तथापि लक्षण झाकले की दुखणे ओळखता येत नाही. समितीचा अहवाल हे तपासणीचे अंतिम फळ आहे. पुढील समितीस, न्यायालयास, वृत्तपत्रास आणि ग्रामसभेस जे काही मिळते ते एवढेच. म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

आक्षेपाच्या प्रत्येक परिच्छेदात मंजुरी कोणत्या पदाने दिली, रक्कम कोणत्या पदाने काढली आणि काम कोणत्या पदाने तपासले, ही तीन पदे लिहावीत. ‘खर्च’ हा शब्द शेवटच्या पायरीसाठी राखून ठेवावा. वरच्या पायऱ्यांसाठी ‘वितरित’ आणि ‘वर्ग’ हे रूढ शब्द आहेतच. योजना अभिकरणाची की हस्तांतरित, हे आरंभीच सांगावे, म्हणजे जाब कोणाचा हे वाचकास कळेल. ‘दक्षता घेण्यात येईल’ हे उत्तर समितीने पद आणि तारीख यांवाचून स्वीकारू नये. आणि पंचायती राज समितीच्या अहवालातील ज्या त्या जिल्ह्याचा भाग त्या जिल्ह्याच्या ग्रामपंचायतींपर्यंत पोहोचवावा. ज्या गावच्या टाकीविषयी परिच्छेद आहे त्या गावाने तो वाचला, तर गळलेला कर्ता पुन्हा वाक्यात बसविण्यास गावास फार वेळ लागणार नाही.

विद्यापीठांनीही आपला वाटा उचलला पाहिजे. मराठीच्या पदव्युत्तर वर्गात आपण प्रयोगविचार शिकवितो तो बहुधा कवितेच्या ओळी आणि पाठ्यपुस्तकातील ठराविक वाक्ये घेऊन. विधिमंडळ समित्यांचे अहवाल हे प्रयोगविचाराचे विपुल व अस्पर्शित क्षेत्र आहे. एखाद्या विद्यार्थ्याने एका जिल्ह्याचे वीस-पंचवीस वर्षांचे अहवाल घेऊन त्यांतील क्रियापदांची नोंद केली, कोणत्या क्रियेस कर्ता आहे आणि कोणतीस नाही हे मांडले, आणि रक्कम वाढते तसा कर्ता दुर्मिळ होतो की काय हे पाहिले, तर तो प्रबंध व्याकरणाचा होईल आणि लोकप्रशासनाचाही. कर्ता ओळखण्याचा नियम आपण शाळेपासून शिकलो आहोत : क्रियापदास ‘कोणी?’ असे विचारावे. विधिमंडळाच्या तपासणीचा नियमही याहून वेगळा नाही.